स्पर्धेचा रंगमंच आणि हरवलेला प्रेक्षक : मराठवाड्यातील विद्यार्थी-रंजनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे रंजन हा विषय आपल्याकडे अभ्यासाच्या कक्षेत सहसा येत नाही. तो येतो तो स्वयंमूल्यमापन अहवालातील एका तक्त्यात : किती संघ सहभागी झाले, किती पारितोषिके मिळाली, छायाचित्रे जोडली आहेत किंवा कसे. विद्यार्थी कोणासमोर उभा राहिला, काय बोलला आणि ते कोणी ऐकले, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नसतो. वास्तविक विद्यार्थ्याच्या सामाजिक जीवनाचा विचार करावयाचा झाल्यास हाच प्रश्न प्रथम विचारावयास हवा. कारण रंजन म्हणजे केवळ फावल्या वेळाचा उपयोग नव्हे, तर चारचौघांत आपले अस्तित्व जाहीर करण्याचा तो एक मार्ग आहे. ज्या प्रदेशात घरातील पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी पदवीपर्यंत पोहोचते, तेथे तर हा मार्ग अधिकच मोलाचा ठरतो.

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील विद्यार्थी-जीवनाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या शहरात विद्यार्थी-रंजनाची दोन रूपे ठळकपणे दिसतात. एक महाविद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन आणि दुसरे विद्यापीठाचा युवक महोत्सव. पहिल्याकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास हा प्रगतीचा प्रवास म्हणून सांगितला जातो. तांत्रिक सफाई, प्रशिक्षण, राज्य व राष्ट्रीय पातळीवरील संधी या बाबतीत तो तसा आहेही. परंतु या प्रवासात विद्यार्थी-रंगमंचाने आपला प्रेक्षक गमावला आणि प्रेक्षकाबरोबर बोलण्याची धारही गमावली, असे दिसून येते.

नागसेनवनातील आरंभ

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली आणि पुढे हेच महाविद्यालय मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या परिसराला नागसेनवन हे नाव दिले. मिलिंद आणि नागसेन ही नावे संवादाची आहेत. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्षू उत्तर देतो, या पाली ग्रंथातील नात्यावर एका विद्यासंकुलाचे नामकरण व्हावे, ही गोष्ट केवळ भाविकतेची नव्हती. प्रश्न विचारणे हे येथील विद्यार्थ्याचे पहिले काम मानले गेले होते.

या संकुलात आलेला विद्यार्थी मराठवाड्याच्या खेड्यांतून, विदर्भातून, खानदेशातून आलेला होता. निजामी राजवट संपून दोनच वर्षे झाली होती. विद्यापीठ अद्याप नव्हते. ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. वसतिगृह हेच या विद्यार्थ्याचे घर, भोजनगृह हीच त्याची चावडी. गावात ज्याला चावडीवर बसण्याची मुभा नव्हती त्याला येथे प्रथमच समवयस्कांच्या मेळाव्यात उभे राहून बोलावयास मिळाले. या विद्यार्थ्याच्या रंजनाचा इतिहास लिहिताना म्हणूनच नाटक, गाणे, वादविवाद यांना अभ्यासेतर उपक्रम म्हणून बाजूला काढता येत नाही.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक याच वातावरणातून आले. दलितांच्या युगायुगांच्या शोषणाचा पट मांडणारे हे नाटक १९५५ च्या सुमारास मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले आणि १९५६ साली नागपूर येथे धम्मदीक्षेच्या सोहळ्यानिमित्त जमलेल्या अफाट जनसमुदायासमोर त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचे पहिले नाटक म्हणून अभ्यासक त्याची नोंद घेतात. नाट्यरचनेच्या कसोटीवर त्याला मर्यादा आहेत. अनेक युगांना एका सूत्रात गुंफताना व्यक्तिरेखा प्रातिनिधिक राहतात, संवाद ठिकठिकाणी भाषणाकडे झुकतात. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. एका प्राचार्याने लिहिलेले, विद्यार्थ्यांनी उभे केलेले नाटक महाविद्यालयाच्या आवारातून निघून थेट त्या लोकांसमोर गेले ज्यांच्याविषयी ते होते. विद्यार्थी-नाटकाला इतका नेमका प्रेक्षक क्वचितच मिळाला असेल.

यामागे जलशांची परंपरा होती, हेही लक्षात घ्यावे लागते. १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा परिचित साचा घेऊन त्यात समाजप्रबोधनाचा आशय भरला. जलसा वस्तीत, रात्री, कंदिलाच्या उजेडात होई. तेथे वेळमर्यादा नव्हती आणि परीक्षकही नव्हता. समोर बसलेल्या माणसाला पटले नाही तर तो उठून जात असे, हीच काय ती परीक्षा. नागसेनवनातील विद्यार्थ्याला नाटक करावयाचे ते कोणासाठी, हे शिकविण्याची गरज पडली नाही, त्याचे एक कारण या पूर्वपरंपरेत आहे.

पुढे १९६० च्या दशकात याच परिसरात डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या प्रयत्नांतून दलित साहित्याची चळवळ आकाराला आली आणि ‘अस्मितादर्श’ उभे राहिले. वाङ्मयेतिहासात या घडामोडींची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र कवितेआधी आणि नियतकालिकाआधी येथे रंगमंच होता, विद्यार्थ्याचा आवाज प्रथम तेथे फुटला, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

शेलापागोट्यांचा हिशेब

स्नेहसंमेलनाचे गुणगान करताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जुन्या स्नेहसंमेलनाच्या आठवणी सांगणारे लोक सहसा ज्या बाकांवर बसत होते ते पुढचे बाक होते. शेलापागोटे, ज्याला विद्यार्थी फिशपाँड म्हणतात, हा प्रकार या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. आठ-पंधरा दिवस आधी एक पेटी ठेवली जाते, तीत निनावी चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि संमेलनाच्या दिवशी निवेदक त्या भर सभेत वाचून दाखवितो. वरवर पाहता हा निखळ विनोद आहे. प्राध्यापकांचीही त्यातून सुटका नसते, म्हणून तो समतेचा खेळ वाटतो.

परंतु चिठ्ठीचा विषय कोण होतो, हे पाहिल्यास चित्र बदलते. मुलींचा रंग, चालणे, पेहराव. खेड्यातून आलेल्या मुलाचे उच्चार, त्याचे तेल लावलेले केस, इंग्रजीच्या तासाला झालेली त्याची फजिती. आणि आडनावावरून सूचित होणारी जात. चिठ्ठी लिहिणाऱ्याला नाव नसते, ज्याच्यावर ती लिहिली जाते त्याला मात्र नाव, वर्ग आणि बसण्याची जागाही असते. सगळे हसत असताना त्यानेही हसावे, अशी अपेक्षा असते. तो हसला नाही तर त्याला विनोदबुद्धी नाही, असे ठरते. ‘नागर’ आणि ‘गावंढळ’ यांच्यातील दरी मिटविण्यासाठी म्हणून भरविलेले संमेलन ती दरी वर्षातून एकदा जाहीरपणे मोजून दाखवीत असे.

आज अनेक महाविद्यालयांनी शेलापागोट्यांची प्रथा बंद केली आहे किंवा चिठ्ठ्या आधी शिक्षकांकडून तपासून घेतल्या जातात. हे योग्यच आहे. मात्र निनावी टोमणा त्यामुळे नाहीसा झालेला नाही. पेटीतून निघून तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेला आहे आणि तेथे निवेदकही नाही, तपासणारा शिक्षकही नाही.

स्नेहसंमेलनाची दुसरी बाजू त्याच्या कारभाराची होती. संमेलनाचा सचिव निवडून येत असे. त्या निवडणुकांत पैसा, दांडगाई आणि जातीची गणिते होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मंडप, ध्वनिक्षेपक, तालमींच्या वेळा, पाहुणा कोण आणि खर्च किती, हे ठरविताना विद्यार्थ्यांना आपसांत भांडावे लागे, तडजोड करावी लागे. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ अन्वये थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर आधारित नियुक्तीची पद्धत आली. २०१६ च्या अधिनियमाने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, परंतु २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. परिणामी विद्यार्थ्यांच्या रंजनाची सूत्रे हळूहळू प्राध्यापकांच्या समित्यांकडे आली. सांस्कृतिक समितीचा समन्वयक हा प्राध्यापक असतो, परवानगी तो देतो, संहिता तो वाचतो आणि अहवालही तोच लिहितो. अशा व्यवस्थेत विद्यार्थी कलावंत म्हणून शिल्लक राहतो, यजमान म्हणून नाही.

गुणतक्ता आणि आशय

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांचे आहे. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ही विभागणी झाली. या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ युवक महोत्सवासाठी एकत्र येतात. तालुक्याच्या महाविद्यालयातील मुला-मुलींना विद्यापीठाचे आवार पहिल्यांदा पाहावयास मिळते ते अनेकदा याच निमित्ताने. चार दिवस आवारात हलग्या, ढोलक्या, रांगोळ्या, वेशभूषा केलेले वासुदेव आणि झाडाखाली संवाद घोकणारे गट असे दृश्य असते. ते पाहून ज्याला आनंद होणार नाही त्याने विद्यापीठात नोकरी करू नये. महोत्सवाची चिकित्सा या आनंदाविरुद्ध नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

चिकित्सेचा विषय आहे तो स्पर्धेचा साचा. विद्यापीठ पातळीवरील महोत्सव, राजभवनाच्या पुढाकाराने होणारा ‘इंद्रधनुष्य’ हा आंतरविद्यापीठीय महोत्सव आणि भारतीय विश्वविद्यालय संघाचा विभागीय व राष्ट्रीय महोत्सव अशी ही उतरंड आहे. वरच्या पातळीवर जावयाचे तर वरचे नियम खालीही पाळावे लागतात. विश्वविद्यालय संघाच्या नियमावलीनुसार एकांकिकेस तीस मिनिटे आणि नऊ कलावंत, प्रहसनास दहा मिनिटे आणि सहा कलावंत, मूकाभिनयास पाच मिनिटे. घड्याळाचा काटा ओलांडला की गुण कापले जातात. एवढ्यावर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मर्यादा कलेला शिस्तही लावते. परंतु प्रहसनाविषयीच्या नियमांत आणखी एक अपेक्षा आहे. त्यात अश्लीलता नसावी हे ठीक; पण बोचरे टोमणेही टाळावेत आणि उपहास निरागस असावा, असे तेथे सुचविलेले आहे.

निरागस उपहास ही कल्पना विचार करावयास लावणारी आहे. ज्याच्यावर रोख आहे त्याला काहीच टोचले नाही तर तो उपहास कसला? ‘युगयात्रा’ निरागस नव्हते. औरंगाबादच्याच प्रकाश त्रिभुवन यांचे ‘थांबा, रामराज्य येतंय’ हे नाटक निरागस नव्हते. भारुड या प्रकारातही, विंचू असो की जोशी, रोख चुकत नाही. पैठण या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि नाथांचे भारुड महोत्सवात दरवर्षी सादर होते. सादर होते ते मात्र लोककला म्हणून, म्हणजे पेहराव, ठेका आणि सफाई यांसाठी. त्यात आजच्या कोणाला उद्देशून काही म्हटले तर परीक्षक ते कोणत्या रकान्यात धरणार, हा प्रश्न संघाच्या मार्गदर्शकाला पडतो आणि तो सावध होतो.

एकांकिकांच्या आशयावर या साच्याचा परिणाम विशेष जाणवतो. मराठवाड्यातील विद्यार्थी एकांकिकेसाठी दुष्काळ, शेतकऱ्याची आत्महत्या, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, मुलीचे लवकर होणारे लग्न हे विषय निवडतो. विषय अस्सल आहेत. बीड जिल्ह्यातील कितीतरी विद्यार्थ्यांचे आई-वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. परंतु रंगमंचावर या अनुभवाचे जे होते ते निराशाजनक आहे. बापाच्या भूमिकेतील मुलगा खोकतो, सावकार मिशीला पीळ देतो, आई पदर डोळ्यांना लावते, शेवटी दोर, अंधार आणि एक किंकाळी. ज्याने प्रत्यक्ष फड पाहिला आहे तो मुलगा दूरचित्रवाणीवरील मालिकेसारखा रडतो. सहा महिने घरात कुलूप असते तेव्हा आजीजवळ राहिलेला मुलगा संध्याकाळी काय करतो. उचल घेतली त्या रात्री बाप मजेत असतो की गप्प. परत आल्यावर आईला मुलाच्या वर्गाचे नाव आठवते की नाही, या गोष्टी त्याला ठाऊक असतात आणि त्या संहितेत नसतात. ‘सामाजिक आशय’ या नावाचा गुण मिळवावयाचा तर परीक्षकाला ओळखू येईल असेच दुःख दाखवावे लागते.

येथे दोष विद्यार्थ्याचा नाही. त्याच्यासमोर बसलेला प्रेक्षक बदलला आहे. महोत्सवाच्या सभागृहात पुढे तीन परीक्षक, त्यांच्या मागे आपल्या क्रमांकाची वाट पाहणारे इतर संघ, त्यांचे मार्गदर्शक आणि स्वयंसेवक. प्रतिस्पर्धी संघाचे नाटक पाहणारा विद्यार्थी ते नाटक म्हणून पाहत नाही. तो चुका मोजतो. ज्या आई-वडिलांची गोष्ट सांगितली जाते ते त्या सभागृहात कधीच नसतात. आणि पारितोषिक मिळाले तरी त्या एकांकिकेचा गावात किंवा स्वतःच्या महाविद्यालयात दुसरा प्रयोग बहुधा होत नाही. बसविण्यास दीड महिना, सादरीकरण तीस मिनिटे, आयुष्य एक दिवस.

याच्या उलट उदाहरणेही याच शहरात आहेत. १९७० च्या दशकात विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला आणि कमलाकर सोनटक्के यांनी त्याची घडी बसविली. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांची ‘जिगीषा’ औरंगाबादच्या महाविद्यालयीन वातावरणातूनच निघाली. एकांकिका स्पर्धांचा तिला उपयोग झाला हे खरे, परंतु ती स्पर्धेवर थांबली नाही. १९९१ साली ‘चारचौघी’ व्यावसायिक रंगभूमीवर आले तेव्हा त्यामागे एकमेकांचे लेखन ऐकण्याची, वाद घालण्याची आणि तेच नाटक पुन्हा करून पाहण्याची अनेक वर्षांची सवय होती. ही मंडळी मुंबईला गेली, याबद्दल शहरात अभिमान आणि खंत दोन्ही व्यक्त होतात. ती गेल्यानंतर शहरात पुन्हा तसा गट टिकण्यासाठी काय लागते, याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते.

कोण येऊ शकत नाही

तालमी संध्याकाळी होतात. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक ठरलेल्या वेळी बंद होते. गंगापूर, पैठण, फुलंब्रीकडे जाणारी सोयीची एस.टी. चुकली की घरी उत्तर द्यावे लागते. म्हणून एकांकिकेत स्त्रीपात्रे कमी ठेवली जातात आणि असतील तर ती आई, विधवा किंवा सोसणारी बहीण अशी थोड्या प्रवेशांची असतात. संहितेतील स्त्रीचे स्थान बसच्या वेळापत्रकाने ठरते, ही गोष्ट नाट्यसमीक्षेत येत नाही, पण ती खरी आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत काम करणारा किंवा रात्री दुकानात, हॉटेलात उभा राहणारा मुलगाही तालमीला येऊ शकत नाही. नेमके ज्यांच्याविषयी एकांकिका असतात तेच त्यात नसतात.

आणखी एक विभागणी या शहराची स्वतःची आहे. वली आणि सिराज यांच्या या गावात उर्दू काव्याची परंपरा मराठी नाटकापेक्षा कितीतरी जुनी आहे. सिकंदर अली वज्द आणि बशर नवाज ही नावे अगदी अलीकडची. मुशायऱ्याला जाणारा विद्यार्थी आणि कविसंमेलनाला जाणारा विद्यार्थी एकाच विद्यापीठाचे ओळखपत्र बाळगतात, परंतु ते एकमेकांचे श्रोते क्वचितच असतात. महोत्सवात कव्वाली हा प्रकार असतो तेव्हा ते एका मंडपात येतात. टाळ्यांचा ठेका धरणाऱ्या संघात बहुतेकदा कोणालाच उर्दू वाचता येत नसते, तरीही ती मुले उच्चारांसाठी कोणा मित्राकडे जाऊन बसलेली असतात. स्पर्धेने घडविलेल्या मोजक्या चांगल्या भेटींपैकी ही एक म्हणावी लागेल.

प्रवेशद्वारावरील रात्र

विद्यार्थ्याला परीक्षकाविना प्रेक्षक मिळतो अशी एक जागा या विद्यापीठात आहे आणि ती सभागृहात नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी प्रवेशद्वारासमोर लोक जमतात. खेड्यापाड्यांतून कुटुंबे येतात, पुस्तकांची दुकाने लागतात, गायन पार्ट्या रात्री उशिरापर्यंत गातात. निरनिराळ्या पक्षगटांची व्यासपीठे शेजारी शेजारी असतात आणि ध्वनिवर्धकांची चढाओढही असते. सगळेच गाणे उत्तम असते असे नाही. परंतु महोत्सवात जलसा सादर करून चषक घेतलेला एखादा विद्यार्थी या गर्दीत डफ घेऊन उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर शेतमजूर, शिपाई, परिचारिका, निवृत्त शिक्षक आणि लहान मुले असतात. त्यांना तीस मिनिटांचा नियम ठाऊक नसतो. कडवे आवडले तर ते पुन्हा म्हणावयास लावतात. नाही आवडले तर पुस्तकांच्या दुकानाकडे वळतात.

विद्यापीठ विद्यार्थी विकास विभागामार्फत महोत्सवावर खर्च करते, महाविद्यालये संघांच्या प्रवासावर व वेशभूषेवर खर्च करतात. या खर्चात फारशी वाढ न करताही काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. विजेत्या एकांकिकेचा आणि जलशाचा दुसरा प्रयोग ज्या तालुक्यातून संघ आला त्याच तालुक्यात, महाविद्यालयाच्या उघड्या व्यासपीठावर, पालकांना बोलावून करणे ही त्यांतील पहिली. त्यासाठी नाट्यगृहाचे भाडे लागत नाही. मैदान, दोन दिवे आणि ऊसतोडीचा हंगाम संपल्यानंतरची तारीख एवढे पुरते. फडावरून परतलेली माणसे तेव्हा गावात असतात.